विश्लेषण : जाळ्याला बंदी, गळाला मोकळीक, पावसाळ्यातल्या जिताड्याचा वाली कोण?

१ जून उजाडला की कोकणातल्या बंदरांवर होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद राहते. नेमक्या याच दिवसांत खाडीच्या मुखाशी, जेटीवर आणि खडपावर रॉड घेऊन उभे असलेले हौशी गळवाले दिसू लागतात. त्यांना हवा असतो जिताडा. आणि जितका मोठा, तितका चांगला. मात्र जिताड्याच्या बाबतीत मोठा मासा म्हणजे बहुतेक वेळा मादी, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी आलेली मादी म्हणजे अंडी घालायला आलेली मादी. जाळ्याला लावलेला नियम गळाला का नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

प्रश्न आताच का?

गेल्या जुलैत रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीच्या मुखाशी उभा होतो. माझ्याच वयाच्या एका मुलाने अर्धा तास झुंजून जिताडा वर काढला. जवळजवळ मीटरभर लांब. फोटो झाले, रील झाली, आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग मासा कापायला एका कोळी काकांकडे नेला. त्यांनी पोट उघडले आणि दोन्ही हात भरतील एवढी गाभोळी बाहेर आली. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गाभोळी बघ किती हाय. मग आम्ही होड्या कशाला वर ओढल्यात?"

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. या लेखात ते शोधण्याचा प्रयत्न आहे.

हौशी गळवाले म्हणजे नेमके कोण?

गळ टाकणे कोकणाला नवे नाही. तंगूस, गरी आणि कोलंबीचे आमिष घेऊन संध्याकाळी गरवायला जाणे हा खाडीकाठच्या घरांत पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग आहे. त्यातून घरच्या कालवणापुरती सोय होते. नवे आहे ते रॉड आणि रीलचे मासेमारीचे खेळाचे रूप. स्पिनिंग रील, ब्रेडेड लाइन, पाण्यावर उड्या मारणारा पॉपर, खोल जाणारा जिग, प्लॅस्टिकचे खोटे मासे हे सगळे आता मोबाइलवर मागवता येते. मुंबई, पुणे, कोल्हापूर, पणजीहून शनिवार-रविवारी निघणारे गट आहेत. मालवण, रत्नागिरी, गोवा इथे होडी भाड्याने घेऊन खोल पाण्यात जाणारेही आहेत.

हे लोक समुद्राचे शत्रू नाहीत, हे आधी सांगायला हवे. उलट भरतीचे वेळापत्रक पाठ असणारा, पाण्याचा रंग ओळखणारा, किनाऱ्यावरचा कचरा पाहून चिडणारा शहरी माणूस या छंदाने तयार केला आहे. पकडलेला मासा परत सोडणारेही त्यांच्यात बरेच आहेत. म्हणूनच नियमाची चर्चा त्यांच्याबरोबर करता येते.

वर्षभरात समुद्र कसा बदलतो, कधी काय लागते?

आपला समुद्र उबदार आहे, पण बारा महिने सारखा नाही. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान जानेवारीत साधारण २६-२७ अंश सेल्सिअसवर येते आणि मेमध्ये ३० च्या आसपास पोहोचते. फरक चारच अंशांचा वाटतो, पण माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. त्यामुळे त्याची भूक, वेग आणि खोली या चार अंशांवर हलते.

ऑगस्टमध्ये बंदी उठते तेव्हा पाणी हिरवट आणि गढूळ असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर तारली आणि बांगडा पोसतो. पण याच पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात तळाजवळचा ऑक्सिजन फारच घटतो, हे गोव्यासमोरच्या दीर्घकाळच्या मोजमापांतून समोर आले आहे. अशा वेळी तळाशी गळ टाकून दिवसभर काहीच लागत नाही, तेव्हा दोष आमिषाचा नसतो.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ हौशी मासेमारीसाठी सर्वांत चांगला. वारा पडतो, पाणी निवळते, पहाटे मतलई वारे किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतात आणि सकाळी समुद्र शांत असतो. बांगड्याच्या थव्यांमागे सुरमई येते. होडीमागे लुअर ओढत नेणाऱ्यांना सुरमई, कुपा, कधी सकला लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडचे वारे वाढतात, पाणी थंडावते आणि माशांची हालचाल मंदावते. मार्च ते मे पाणी पुन्हा तापते आणि स्वच्छ होते. खडपाजवळ गोबरा, तांबोशी मिळते, पण दुपारनंतर वारा वाढत असल्याने सकाळी दहा-अकराच्या आत परतावे लागते.

हे वेळापत्रकही आता पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही दोन चक्रीवादळे एकाच वेळी होती. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' कोकण किनाऱ्याला समांतर जात गुजरातला पोहोचले. म्हणजे हंगामाची सुरुवात आणि शेवट, दोन्ही टोके वादळांनी कुरतडली. हौशी माणसाकडे मोजके शनिवार-रविवार असतात. ते हंगामात वाया गेले की तो पावसाळ्यात खाडीवर जातो, कारण तिथे होडी लागत नाही.

भरती-ओहोटीचा संबंध काय?

खाडीत मासा घड्याळ पाहून नाही, पाणी पाहून खातो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेला गोव्यात हीच पातळी दोन-अडीच मीटरच्या आसपास राहते. त्यामुळे रायगडच्या खाड्यांतून पाण्याचा जो लोंढा आत-बाहेर करतो, तो सिंधुदुर्ग किंवा गोव्यातल्या खाड्यांपेक्षा बराच मोठा असतो.

ओहोटी लागली की खाजणातली, तिवरांतली कोलंबी आणि छोटे मासे पाण्याबरोबर बाहेर येतात. जिताडा त्यांची वाट पाहत प्रवाहाच्या कडेला, पुलाच्या खांबाआड, खडकाच्या सावलीत थांबतो. म्हणून उधाणाच्या दिवसांतली ओहोटीची पहिली दोन तास हौशी गळवाल्यांना सोन्यासारखी वाटतात. आणि इथेच अडचण सुरू होते, कारण जिताड्याचे प्रजननही चंद्राच्या याच कलांशी बांधलेले आहे.

जिताडा पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी का येतो?

जिताडा म्हणजे लेटस कॅल्करिफर. कुठे त्याला खजुरा म्हणतात, गोव्यात चणक, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. हा मासा आयुष्याचा मोठा भाग नदीत, खाडीत, निमखाऱ्या पाण्यात काढतो. पण त्याची अंडी गोड्या पाण्यात टिकत नाहीत, त्यांना खारे पाणी लागते. त्यामुळे मोठे मासे नदीतून खाली उतरून खाडीच्या मुखाशी येतात. आपल्या किनाऱ्यावर हे पावसाळ्याच्या आसपास घडते.

अंडी घालण्याची वेळही ठरलेली असते. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, चढत्या भरतीच्या वेळी. भरतीचे पाणी अंडी आणि इवली पिल्ले खाडीत आत ढकलते. पावसाने भरलेली खाजणे, तिवरांची मुळे, भातशेतीतली पाणथळ जागा ही त्यांची पाळणाघरे. रायगडमध्ये पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात शेतकरी शेतातल्या तळ्यांत जिताडा वाढवत आले आहेत, तो याच पिल्लांच्या जोरावर.

म्हणजे पाऊस, उधाण, खारे पाणी आणि मोकळे खाजण या चार गोष्टी एकत्र आल्या तरच पुढच्या पिढीचा जिताडा तयार होतो. वर्षातून मोजक्याच उधाणांना हे जुळते. त्या मोजक्या उधाणांना खाडीच्या मुखाशी कोण आहे, हे म्हणून महत्त्वाचे.

मोठा जिताडा सोडायचा, लहान ठेवायचा, हे उलटे नाही का?

बहुतेक माशांबद्दल आपल्याला उलटे शिकवलेले असते. लहान सोडा, मोठा ठेवा. जिताड्याला हे गणित पुरत नाही. हा मासा जन्माला येतो तेव्हा साधारणपणे नर म्हणून मोठा होतो. काही वर्षे नर म्हणून प्रजनन करतो आणि पुढे लिंग बदलून मादी होतो. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांनुसार हा बदल साधारण ८५ ते १०० सेंटीमीटर लांबीच्या दरम्यान होतो. आशियातल्या काही ठिकाणी लहान माद्याही आढळतात, पण कल हाच.

याचा अर्थ असा की रीलवर सर्वाधिक लाइक मिळवणारा मीटरभराचा, दहा-बारा किलोचा जिताडा बहुधा मादी असतो. एवढ्या मादीच्या पोटात काही दशलक्ष अंडी असू शकतात. त्यातली फार थोडी जगतात हे खरेच, पण म्हणूनच सुरुवातीचा आकडा प्रचंड लागतो. शिवाय ती मादी तयार व्हायला अनेक वर्षे गेलेली असतात. आधी पिल्लू म्हणून वाचणे, मग नर म्हणून वाचणे, मग लिंग बदलून पुन्हा वाचणे. एवढ्या गाळण्यांतून आलेला मासा आपण फोटोसाठी काढतो.

इंजिनीअरिंगमध्ये एक साधी गोष्ट शिकलो होतो. यंत्रणा कुठे मोडेल हे तिच्या सरासरी ताकदीवर नाही, सर्वांत कमकुवत जागेवर ठरते. जिताड्याच्या आयुष्यातली ती जागा म्हणजे पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी आलेल्या मोठ्या माद्या. त्या संख्येने कमी असतात, एका अरुंद जागी येतात आणि नेमक्या कोणत्या दिवशी येतील हे भरतीच्या कोष्टकावरून सांगता येते. मोबाइलवर ते कोष्टक आता सगळ्यांकडे आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंड कडक झाले. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. यंत्र नसलेल्या पारंपरिक नौकांना तीतून सूट आहे. गोव्यातही बंदीचे हेच ६१ दिवस आहेत. बंदीची दोन कारणे सांगितली जातात : माशांचे प्रजनन आणि मच्छीमारांची सुरक्षा.

खडकावर रॉड घेऊन उभा असलेला माणूस या चौकटीत बसतच नाही. तो नौका नाही, यांत्रिक नाही आणि पारंपरिकही नाही. कायदा लिहिला गेला तेव्हा असा माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, आणि त्यात कोणाचा दोष नाही.

दुसरा नियम आहे किमान आकाराचा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान कायदेशीर आकार ठरवला. केरळने हे आधी केले होते. पाऊल योग्यच. पापलेटचे पिल्लू बाजारात येऊ नये यासाठी ते हवेच होते. पण किमान आकाराचे तत्त्व असे की ठरावीक लांबीच्या वरचे सगळे मासे पकडायला मोकळे. लिंग बदलणाऱ्या माशाला फक्त हा नियम लावला तर संरक्षण लहान नरांना मिळते आणि मोठ्या माद्या उघड्या पडतात. जिताड्याला खालची मर्यादा हवी आणि वरचीही.

इतर देशांत काय करतात?

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात बारामुंडी हा खेळाच्या मासेमारीचा राजा मानला जातो. तिथे ५८ सेंटीमीटरहून लहान आणि १२० सेंटीमीटरहून मोठा बारामुंडी ठेवता येत नाही. एका माणसाला पाचपेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हा तिथला उन्हाळ्याचा, प्रजननाचा काळ बंद असतो. ही बंदी व्यावसायिकाला आहे तशी रॉडवाल्यालाही आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात स्नूक नावाचा मासा आहे. तोही उबदार खाड्यांत राहतो, तोही आधी नर आणि मग मादी होतो. तिथल्या आखाती किनाऱ्यावर दिवसाला माणशी एकच स्नूक ठेवता येतो, आणि तोही २८ ते ३३ इंचांच्या मधला. प्रजननाच्या उन्हाळी महिन्यांत तर एकही ठेवता येत नाही. पकडून सोडण्याला मात्र परवानगी आहे.

या नियमांमुळे तिथला छंद बंद पडला का? उलट तो पर्यटनाचा मोठा व्यवसाय आहे. मोठा मासा पाण्यात राहतो म्हणूनच पुढच्या वर्षी लोक पुन्हा येतात. मालवण किंवा गोव्यात होडी भाड्याने देणाऱ्यांनी या गणिताकडे भावनेने नाही, धंद्याच्या नजरेने पाहावे.

पकडून सोडला की झाले का?

नाही. आपल्या उबदार पाण्यात तर नाहीच. समुद्राच्या २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांच्या पाण्यात सव्वासहा. म्हणजे पाणी तापले की हवा कमी, आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली. मेच्या दुपारी बारीक लाइनवर वीस मिनिटे दमवलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, पण तो जगेलच असे नाही.

म्हणून सोडायचाच असेल तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. लाइन आणि रॉड माशाच्या मानाने दणकट हवेत, म्हणजे झुंज लवकर संपते. तीन काट्यांच्या हुकाऐवजी एकच हुक, आणि त्याची आतली नांगी पक्कडीने चेपलेली. मासा हाताळताना हात ओले. जबड्याला धरून उभा टांगायचा नाही, पोटाखाली दुसरा हात द्यायचा. पाण्याबाहेर तुम्ही श्वास रोखू शकता तेवढाच वेळ. फोटो एकच. हुक खोल गिळला असेल तर ओढून काढण्यापेक्षा लाइन कापलेली बरी.

हे सगळे पाळूनही अंड्यांनी भरलेल्या मादीला झालेला ताण शून्य होत नाही. त्यामुळे ऐन प्रजननाच्या उधाणाला खाडीच्या मुखाशी जिताड्यामागे न जाणे, हे सोडण्यापेक्षा चांगले.

चार गळवाल्यांनी असा काय फरक पडतो?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. खाड्यांची अवस्था गळवाल्यांनी केलेली नाही. कारखान्यांचे सांडपाणी, तिवरांवर टाकलेला भराव, वाळूउपसा, समुद्रात बारीक आसाची जाळी आणि बंदी असूनही चालणारी एलईडी मासेमारी यांच्यापुढे रॉड म्हणजे काहीच नाही. जो मच्छीमार हे सगळे रोज पाहतो, त्याला शहरातल्या पत्रकाराने गळाबद्दल बोलणे विनोदी वाटू शकते.

तरीही दोन कारणांसाठी मी गळाच्या नियमाच्या बाजूने आहे. पहिले कारण जिताड्याचे. ट्रॉलर तळावरून सरसकट ओढतो, रॉडवाला निवडून मोठा मासा शोधतो. एकूण वजनात त्याचा वाटा नगण्य असेल, पण एका खाडीतल्या मोठ्या माद्यांमधला त्याचा वाटा नगण्य असेलच असे नाही. अशा माद्या एका खाडीत हजारोंनी नसतात.

दुसरे कारण न्यायाचे. बंदीच्या ६१ दिवसांत खलाशाची कमाई थांबते, मासळी विकणाऱ्या बाईची टोपली रिकामी राहते, होडीच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. हे लोक पोटाला चिमटा घेऊन नियम पाळतात. त्याच दिवसांत ज्याचे पोट माशावर नाही, त्याने त्याच माशाची मादी हौसेसाठी काढावी, याला बचाव नाही. नियम पाळल्याने हौशी माणसाचे नुकसान होईल ते एका फोटोचे.

आणि म्हणूनच हा नियम कालवणापुरती गरी टाकणाऱ्या खाडीकाठच्या माणसावर सुरुवातीलाच लादू नये. रॉड-रीलवाला आणि तंगूसवाला यांच्यातली रेषा काढणे सोपे नाही, पण गावातल्या कोळ्यांना आणि मच्छीमार सोसायटीला ती बरोबर ठाऊक असते. त्यांना विचारून नियम केला तर तो टिकेल. मंत्रालयातून आला तर खडपावर त्याला कोणी विचारणार नाही.

हॅचरीतून पिल्ले सोडली तर?

चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने (सिबा) १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे शेततळ्यांना बियाणे मिळू शकते आणि नैसर्गिक पिल्लांवरचा भार कमी होतो. हा मार्ग शेतकऱ्यांसाठी चांगलाच आहे. पण हॅचरीतले पिल्लू खाडीतल्या मादीची जागा घेत नाही. खाडीत पिल्ले सोडायला पैसा लागतो, दरवर्षी लागतो, आणि ती जगतील याची हमी नसते. मादीला उधाणाचे चार दिवस मोकळे सोडायला काहीच लागत नाही.

मग करायचे काय?

पहिले, १ जून ते ३१ जुलै या काळात हौशी मासेमारीत जिताडा ठेवण्यास बंदी. होडीची बंदी आणि गळाची बंदी एकाच तारखांना असली की लक्षात ठेवायला सोपी आणि गावाला पटायलाही सोपी.

दुसरे, वर्षभरासाठी जिताड्याला वरची मर्यादा. क्वीन्सलँडचा १२० सेंटीमीटरचा आकडा तसाच उचलू नये. आपल्या खाड्यांतला जिताडा किती लांबीला मादी होतो, हे आपल्या शास्त्रज्ञांनी मोजून आकडा द्यावा. तोपर्यंत मीटरभराच्या वरचा सोडायचा, एवढे गळवाल्यांच्या गटांनी स्वतःहून ठरवले तरी सुरुवात होईल.

तिसरे, नोंद. हौशी मासेमारीत काय, कुठे, केव्हा लागते याची मोजदाद झाल्याशिवाय धोरण अंदाजावरच चालेल. प्रत्येक गळवाल्याच्या खिशात कॅमेरा आणि जीपीएस असलेले यंत्र आहे. मोजपट्टीवर ठेवलेल्या माशाचा एक फोटो, तारीख आणि खाडीचे नाव, एवढे पुरे. मोफत नोंदणी आणि त्याबदल्यात ही माहिती, हा व्यवहार कोणालाच महाग नाही.

चौथे, सुरक्षा. बंदीचे दुसरे कारण हेच आहे आणि ते खडकावरच्या माणसालाही लागू आहे. पावसाळ्यात लांबून आलेली लाट खडपावर अचानक चढते. हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते मोबाइलवर पाहता येतात. लाइफ जॅकेट न घालता पावसात खडकाच्या टोकावर उभे राहणे हे शौर्य नाही. तिथून पडलेल्या माणसाला काढायला गावातलाच कोणी तरी पाण्यात उतरतो.

यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीसाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. गळवाल्यांच्या ग्रुपमध्ये आज रात्री एक मेसेज टाकला तरी चालेल : जून-जुलैत जिताडा ठेवणार नाही, ठेवलेल्याचा फोटो कोणी टाकला तर लाइक करणार नाही. मी माझ्या ग्रुपमध्ये टाकला. काहींनी हसून सोडून दिले, एकाने वाद घातला, तिघांनी होकार दिला. होकार देणाऱ्यांत गेल्या जुलैतला तो मुलगाही होता.

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात आणि मगच होड्या पाण्यात लोटतात. तोवर थांबायचे असते, हे त्यांना कोणी कायद्याने शिकवले नव्हते. रॉडवाल्यांनीही तेवढे थांबायला हरकत नाही. ऑक्टोबर फार लांब नसतो, आणि तेव्हा सुरमईही असते.